बाराला बारा मिळवणारं पान : चौथीच्या वहीतल्या शब्दार्थांचं एक प्रकरण

पान नमुन्याचं आहे, त्यातल्या चुका मात्र रोजच्या आहेत. मराठी माध्यमाच्या शाळेतली चौथीच्या मुलाची इंग्रजीची वही घ्या. वर तारीख, मध्ये पट्टीने आखलेली रेघ, रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. वेअर – घालणे. सी – पाहणे. हियर – ऐकणे. प्ले – खेळणे. क्लोज – बंद करणे. वॉश – धुणे. कट – कापणे. अंकल – काका. राइस – भात. लेग – पाय. बिग – मोठा. ऑन – वर.

बाईंनी फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं, घरी पाठ केलं. दुसऱ्या दिवशी तोंडी चाचणी झाली. या वहीच्या मालकाला बारापैकी बारा. पानाखाली लाल शाईत ‘छान’ आणि सही.

तीन दिवसांनी ‘माय डे’ या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. त्याने लिहिलं :

आय वॉश माय लेग्ज. आय ॲम वेअरिंग माय शूज. माय सिस्टर इज बिग. आय सी टीव्ही. आय क्लोज द लाइट.

ही वाक्यं नीट बघा. व्याकरणाच्या अंगाने तपासली तर पाचातल्या एकालाही लाल शाई लागत नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, ‘इज’ आणि ‘ॲम’ जागच्या जागी आहेत. एखादी कडक बाईसुद्धा पाचावर पाच बरोबरच्या खुणा करून वही परत देईल. पण मुलाला जे सांगायचं होतं ते एकाही वाक्यात आलेलं नाही. त्याला पाय धुतो असं म्हणायचं होतं, पण धुतली गेली मांडीपासूनची तंगडी. बूट घालतोय म्हणायचं होतं, पण वाक्य सांगतं की बूट आधीच पायात आहेत. ताई थोरली आहे म्हणायचं होतं, तर तिला आडमाप ठरवून मोकळा झाला. टीव्ही बघतो म्हणायचं होतं, तर टीव्ही नुसता नजरेला पडला. आणि दिवा मालवायच्या ऐवजी तो दारासारखा लोटला.

अशा चुकांचं खापर साधारण दोन ठिकाणी फुटतं. एक, मुलाचं इंग्रजी कच्चं. दोन, मराठी मुलांना इंग्रजीतले बारीक फरक कळत नाहीत, कारण मराठीत ते नसतातच. पहिलं कारण इथे लागू नाही, पोराने बारा शब्द चोख पाठ केले होते. दुसरं तर सरळ खोटं आहे. पाचही ठिकाणी मराठीत तो फरक आहे आणि मुलाच्या तोंडात रोज आहे. तो यादीने पुसला.

‘सी’पासून सुरुवात करू, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. मराठीत ‘दिसणं’ वेगळं आणि ‘बघणं’ वेगळं. ‘मला डोंगर दिसतो’ यात मी काहीच करत नाही. डोळे उघडे आहेत, डोंगर समोर आहे, झालं. ‘मी डोंगराकडे बघतो’ यात मान वळवतो, नजर लावतो. आणि ‘टीव्ही बघत बसतो’ यात तर बैठकच आहे, वेळ जातोय, समोर काहीतरी हलतंय. इंग्रजीतही हेच तीन कप्पे आहेत : ‘सी’, ‘लुक’, ‘वॉच’. सी म्हणजे दिसणं, लुक म्हणजे वळून बघणं, वॉच म्हणजे बघत बसणं किंवा बघत राहणं. इतकी सुबक जुळणी दोन भाषांत क्वचित सापडते. पण यादीत ‘सी – पाहणे’ असं लिहिलं की तिन्ही कप्पे एक होतात. पुढच्या धड्यात ‘लुक – पाहणे’ येतं, त्यापुढे ‘वॉच – पाहणे’. मुलाच्या लेखी तीन शब्दांचा अर्थ एकच. मग त्यातला सर्वांत लहान आणि आधी शिकलेला शब्द ते सगळीकडे वापरतं, आणि यात त्याचं काहीच चुकत नाही.

‘हियर’चंही तेच. ‘मला आवाज ऐकू येतो’ म्हणजे हियर, ‘मी गाणं ऐकतो’ म्हणजे लिसन. चार वर्षांच्या पोरालाही हे दोन्ही कसे वापरायचे ते ठाऊक असतं. ‘ऐकू येत नाहीये’ आणि ‘ऐकत नाहीये’ यातला फरक तर घरोघरच्या आयांनी चांगलाच ठसवलेला असतो. पहिल्यासाठी डॉक्टर लागतो, दुसऱ्यासाठी धपाटा.

आता ‘वेअर’. हा शब्द या पानावरचा सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात सोपा समजून सोडलेला आहे. ‘घालणे’ या मराठी क्रियापदाला दोन टोकं आहेत. ‘थांब, बूट घालतोय’ असं मूल ओरडतं तेव्हा क्रिया चालू असते, एक पाय बुटात, एक बाहेर. ‘मी नवे बूट घातलेत’ म्हणतं तेव्हा क्रिया संपलेली असते, बूट पायात असतात, मूल मिरवत असतं. इंग्रजीत पहिल्या टोकाला ‘पुट ऑन’ म्हणतात आणि दुसऱ्या टोकाला ‘वेअर’. वेअर म्हणजे अंगावर असणं, ही एक स्थिती आहे. गोची अशी की इंग्रजीत ही स्थिती सांगताना ‘ॲम वेअरिंग’ असं रूप येतं. त्याचं मराठीत शब्दशः ‘घालतोय’ होतं, आणि ते नेमकं उलट्या टोकाला जाऊन बसतं. मराठीतल्या ‘घातलंय’चं शब्दशः इंग्रजी केलं तर ‘हॅज वोर्न’ तयार होतं. हायस्कूलच्या निबंधांत ‘शी हॅज वोर्न अ रेड सारी’ अशी वाक्यं सापडतात, त्याचं मूळ चौथीच्या या एका ओळीत असतं. तिथे ‘शी इज वेअरिंग अ रेड सारी’ हवं, म्हणजे तिच्या अंगावर लाल साडी आहे.

साडीवरून आठवलं : आपण साडी घालत नाही, नेसतो. चष्मा लावतो, गजरा माळतो, फेटा बांधतो, टोपी घालतो, कुंकू लावतो. (हल्ली ‘साडी घातली’ ऐकू येतं, पण आजीसमोर म्हणून बघा.) यातलं कुंकू आणि फेटा सोडला तरी उरलेल्या प्रत्येक वस्तूसाठी मराठीत वेगळं क्रियापद पुढे येतं आणि इंग्रजी एका ‘वेअर’वर भागवतं, फेटा एकदा बांधून डोक्यावर बसला की त्यालाही वेअरच. यादीत ‘घालणे’ एवढंच लिहिलं की मूल शर्ट आणि बूट यांच्यापुरता वेअर वापरतं. चष्म्याचं वाक्य आलं की अडतं, कारण त्याला चष्मा ‘लावायचा’ असतो आणि ‘लावणे’ त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आणि ‘लावणे’ शिकवायला कोणी बसूही नये! दार लावलं म्हणजे बंद केलं, दिवा लावला म्हणजे चालू केला. एकच क्रियापद, दोन उलट कामं. शिवाय गाडी लावली, झाड लावलं, फोन लावला, मलम लावलं, गाणं लावलं. या सात वाक्यांना इंग्रजीत सात वेगळी क्रियापदं लागतात : क्लोज, टर्न ऑन, पार्क, प्लांट, कॉल, अप्लाय, प्ले. मराठी शब्द धरून इंग्रजीकडे जायचा रस्ता असा सात ठिकाणी फुटतो. ‘क्लोज – बंद करणे’ या ओळीने मुलाला ‘क्लोज द लाइट’पर्यंत नेलं ते याच रस्त्याने, कारण आपण दारही बंद करतो आणि लाइटही बंद करतो. पण मराठीत दिव्यासाठी खास शब्द आहेत. दिवा मालवतात, बऱ्याच घरांत लाइट ‘घालवतात’. दार कोणी मालवत नाही. ‘टर्न ऑफ’ शिकवताना हा शब्द हाताशी घेतला तर मुलाच्या डोक्यात दार आणि दिवा आपोआप वेगळे होतात. ‘क्लोज’ त्याचं त्याचं राहतं : झाकण, दप्तर, दार, डोळे, पुस्तक. ज्याला उघडता येतं ते क्लोज करता येतं. दिवा उघडत नाही, म्हणून तो क्लोजही होत नाही. ही कसोटी मुलांना लगेच पटते.

जाता जाता : ‘क्लोज’ याच स्पेलिंगचा दुसरा शब्द ‘जवळचा’ या अर्थाने येतो, तो उच्चारात ‘क्लोस’ आहे. देवनागरीत लिहिताना हा फरक दाखवता येतो, तेवढा दाखवावा.

‘लेग’ आणि ‘बिग’ लवकर आटोपतात. लेग म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत, त्याखाली फूट. मराठीत त्याला ‘पाऊल’ आहेच, फक्त धुताना आपण ‘पाऊल’ म्हणत नाही, म्हणून मुलाच्या ते लक्षात येत नाही. हात आणि पंजा, म्हणजे आर्म आणि हँड, हेही त्याच जातीचं. पायाच्या बोटांना मात्र आपण बोटंच म्हणतो, तिथे ‘टो’ हा नवाच कप्पा उघडावा लागतो. बिगचं म्हणाल तर ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ हे शब्द घरात असताना ‘मोठी’वर विसंबलं की ताईचा आकार वाढतो. ‘माय बिग सिस्टर’ म्हटलं तर इंग्रजीतही थोरली बहीणच होते. ‘माय सिस्टर इज बिग’ म्हटलं की ती अंगाने मोठी होते. शब्द तेच, जागा बदलली. हे नियम म्हणून सांगू नये, दोन चित्रं काढून दाखवावं.

काही शब्दांत गाडी उलट्या दिशेने जाते : मराठी बारीक, इंग्रजी ढोबळ. ‘अंकल’मध्ये काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान सगळे मावतात. ‘कझिन’मध्ये तर चुलत, मामे, मावस आणि आते, भाऊ आणि बहीण मिळून आठ नाती एका शब्दात जातात. ‘अंकल – काका’ शिकलेलं मूल मामाबद्दल लिहिताना थबकतं आणि ‘माय मामा’ लिहितं. त्याला वाटतं, मामासाठी इंग्रजी शब्द अजून शिकवायचा राहिलाय. ‘राइस’मध्ये तांदूळ आणि शिजलेला भात दोन्ही बसतात. कोकणात तर शेतात उभं असतं तेही भातच, सोलला की तांदूळ, शिजला की पुन्हा भात. ‘कट’मध्ये भाजी चिरणं, केस कापणं, झाड तोडणं, कागद कातरणं सगळं येतं. ज्या मुलीने रोज आईला भाजी चिरताना बघितलंय तिला ‘कट – कापणे’ हे वाचून विळी आठवत नाही. ‘वॉश’मध्ये कपडे धुणंही येतं आणि भांडी घासणंही, दात घासायला मात्र ‘ब्रश’. अशा शब्दांना एक मराठी अर्थ देणं म्हणजे घराच्या चार दारांपैकी एकाचीच किल्ली देणं.

हे असं पान तयार कसं होतं, तेही पाहायला हवं, नाहीतर दोष नुसता बाईंच्या माथी येतो. गाइडमध्ये धड्याखाली शब्दार्थ छापलेले असतात आणि ते कोशाच्या पद्धतीचे असतात. कोशात क्रियापद ‘णे’ लावून देतात, ती कोशाची सोय आहे. पण चौथीचं मूल दिवसभरात एकदाही ‘धुणे’, ‘पाहणे’ म्हणत नाही. ते ‘धू’, ‘धुतो’, ‘धुतलं’ म्हणतं. म्हणजे अर्थ म्हणून जे दिलं जातं तेही त्याच्या बोलीतलं नसतं. एक अनोळखी शब्द दुसऱ्या अर्धओळखीच्या शब्दाने समजावला जातो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात; त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला सुरू व्हायचं. पाचवीच्या मुलाचं मराठी वाचन पक्कं असायचं, त्याला अशी यादी कशीबशी पेलायची. सहा-सात वर्षांच्या मुलाचं मराठी लिहिणंच अजून बसत असतं. त्याला ‘वॉश – धुणे’ लिहायला लावलं की त्याची निम्मी शक्ती ‘धु’ ऱ्हस्व की दीर्घ यात जाते. आणि साठ मुलांचा जोडवर्ग असेल तर पंधरा मिनिटांत तपासून होणारं काम यादीशिवाय दुसरं नाही, हेही खरंच.

म्हणून पान फाडायचं नाही, बदलायचं. पहिली दुरुस्ती फुकट आहे आणि आजच करता येते : ‘णे’ काढून टाका. क्रियापदाचा अर्थ हुकूम म्हणून लिहा. वॉश – धू. कट – काप, चीर, तोड. क्लोज – लाव, मिट. इंग्रजी क्रियापदाचं मूळ रूप आणि त्याचा हुकूम हे दिसायला एकच असतात, त्यामुळे ही जोडी चपखल बसते.

यातून एक चाचणीही हाती लागते. शब्द हुकूम म्हणून वर्गात म्हणायचा आणि मुलांना तो पाळता येतो का ते बघायचं. ‘वॉश!’ म्हटलं की हात चोळता येतात. ‘कट!’ म्हटलं की बोटांची कात्री करता येते. ‘हियर!’ म्हटलं की काय करायचं? काहीच करता येत नाही. ‘लिसन!’ म्हटलं की कान टवकारता येतात. ‘सी!’ला मुलं गोंधळतात, ‘लुक!’ला माना वळतात. हुकूम पाळता येत नाही तो शब्द बहुधा स्थितीचा असतो, आणि त्याचा अर्थ ‘कर’ असा न लिहिता ‘आहे’, ‘येतं’, ‘दिसतं’, ‘वाटतं’ असा लिहावा लागतो. हॅव, नो, लाइक, वाँट हे शब्द पुढे येतील तेव्हाही हीच चाचणी उपयोगी पडते. ‘मला ताप आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे सायकल आहे’ या तिन्हींत मराठीला ‘आहे’ पुरतं आणि इंग्रजीत तिन्हींना ‘हॅव’ लागतं. रस्त्यावरच्या ‘वेअर अ हेल्मेट’ या पाटीने चाचणी मोडते असं कुणी म्हणेल. ती पाटी हेल्मेट घालण्याची क्रिया करायला सांगत नाही, गाडीवर असेपर्यंत ते डोक्यावर असू द्या असं सांगते. चाचणी तगते.

दुसरी दुरुस्ती थोडी वेळखाऊ आहे. सुटा अर्थ न देता छोटं वाक्य द्यायचं. इंग्रजी कोशांनीही हा रस्ता धरलेला आहे. १९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशाने सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत बसवल्या, आणि १९८७ साली आलेल्या ‘कोबिल्ड’ या दुसऱ्या कोशाने तर प्रतिशब्द सोडून ‘तुम्ही अमुक करता तेव्हा...’ अशा पूर्ण वाक्यांत अर्थ सांगायला सुरुवात केली. चौथीसाठी ती पद्धत मराठीत अशी उतरते :

वेअर : तू एखादी वस्तू वेअर करतोस तेव्हा ती तुझ्या अंगावर असते. शर्ट, बूट, चष्मा, टोपी, गजरा. ‘आय ॲम वेअरिंग अ कॅप’ – माझ्या डोक्यावर टोपी आहे. टोपी हातात असेल तर वेअर नाही.

शेवटचं ‘नाही’चं वाक्य गाळू नये. शब्द कुठे चालतो हे मुलाला उदाहरणातून कळतं. कुठे थांबतो हे फक्त ‘नाही’तून कळतं. वर्गात हे करायला एक टोपी पुरते. बाईंनी टोपी डोक्यावर ठेवून विचारायचं, ‘वेअरिंग?’ मुलं ‘येस’. टोपी हातात धरून, ‘वेअरिंग?’ ‘नो’. मग टोपी डोक्याकडे नेता नेता अर्ध्यावर थांबायचं. इथे वर्गात दोन तट पडतात.

‘बाई, घालताय की तुम्ही!’

‘घालतेय. पण डोक्यावर आहे का?’

‘नाही अजून.’

‘मग हे पुट ऑन. आणि आता?’ टोपी बसली. ‘आता वेअरिंग.’

दीड मिनिटाचा खेळ आहे. यादीत जो फरक तीन ओळी खर्चूनही कळला नसता तो अर्ध्यावर थांबलेल्या हाताने कळतो.

शब्द किती घ्यायचे? एका तासाला चार, फार तर पाच. बारा नव्हेच. चारांपैकी दोन वस्तूंचे, एक क्रियेचा, एक अवघड. प्रत्येकाला एक पत्ता : पोस्टकार्डाएवढा जाड कागद, पुढे शब्द आणि चित्र, मागे दोन वाक्यं आणि एक ‘नाही’. मराठी अर्थ मागच्या बाजूला, खाली, लहान अक्षरात. मराठी टाळायचं म्हणून नव्हे, तो नजरेला आधी पडू नये म्हणून. उजळणी त्याच तासाच्या शेवटी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि मग आठवड्याने. दर वेळी तीन-चार मिनिटं. ज्या पत्त्यावर निम्मा वर्ग अडतो तो पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाकायचा.

या पद्धतीतही पाय घसरतो, त्या जागा ओळखून ठेवाव्यात. चित्र एकटं असलं की मूल भलताच अर्थ घेतं. वाफाळत्या चहाचं चित्र ‘हॉट’साठी दाखवलं तर निम्मी मुलं हॉट म्हणजे चहा समजतात. त्यामुळे गुणाचा शब्द असेल तर चित्रं दोन हवीत, वाफाळता चहा आणि वाफाळती इस्त्री. दोहोंत जे समान ते हॉट. याच्या उलट, जोडीचे शब्द एकाच दिवशी शिकवू नयेत. लेफ्ट आणि राइट, येस्टरडे आणि टुमॉरो एकत्र शिकवले की मुलांना दोन्ही येतात आणि कुठला कोणता ते येत नाही. आधी लेफ्ट पक्का होऊ द्यावा, मग चार-सहा दिवसांनी राइट. ‘परवा’ला तर आपल्याकडे मागचा आणि पुढचा दोन्ही अर्थ आहेत, इंग्रजीत त्याला एकच सुटा शब्द नाही. ते चौथीत काढूच नये.

व्याख्या शब्दापेक्षा अवघड होणं हा जुना रोग आहे. ‘बिग – लार्ज’ किंवा ‘राइस – एक तृणधान्य’ असं लिहिलं की मुलापुढे एकाऐवजी दोन कोडी येतात.

उच्चार देवनागरीत लिहून देण्याला आमचा विरोध नाही, पण ती शिडी कुठे मोडकी आहे ते सांगायला हवं. दिशा, बनियन, कचरा आणि कंबर यांचे चार वेगवेगळे इंग्रजी शब्द देवनागरीत ‘वेस्ट’ असेच लिहिले जातात. वहीत ‘वेस्ट’ दिसला की मुलाने कुठला अर्थ धरायचा? अशा ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगशिवाय गत्यंतर नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत लिपी मदत करते, पण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करत नाही, म्हणून जहाज आणि मेंढी वर्गात एकाच आवाजात येतात. दीर्घ ‘शी’ ओढून, हसू येईल इतकी लांबवून म्हणायला लावावी. आणि पाण्याचा ‘जग’ मुलं ‘जगाच्या पाठीवर’मधल्या जगासारखा वाचतात. तो ‘ज’ जेवणातला आहे, जहाजातला नाही, एवढं सांगितलं की काम होतं.

राहिला ‘ऑन’. अमेरिकेतल्या एडवर्ड डॉल्च यांनी लहान मुलांच्या वाचनात सतत येणाऱ्या शब्दांची एक यादी १९३६ साली मांडली. तीत २२० शब्द आहेत आणि नाम एकही नाही. नामांची ९५ शब्दांची यादी त्यांनी वेगळी ठेवली. ऑन, इन, अँड, द, टू, असे शब्द त्या २२० मध्ये येतात. यांना अर्थ द्यायला गेलं की हमखास फसगत. टेबलावर पुस्तक, भिंतीवर घड्याळ इथे ‘वर’ चालतं. डोक्यावर पंखा फिरतो, तिथे मराठीत ‘वर’ आहे पण इंग्रजीत ऑन नाही, कारण पंखा डोक्याला टेकलेला नाही. ‘ऑन संडे’चं मराठी ‘रविवारी’ होतं, तिथे ‘वर’चा पत्ताच नाही. आपण बसमध्ये बसतो, इंग्रजीत माणसं ‘ऑन द बस’ असतात. शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण ऑनच्या एका शिताने या भाताची परीक्षा होत नाही.

चाचणीही बदलायला हवी, नाहीतर मुलं पुन्हा यादीकडेच वळतील. ज्याचे गुण मिळतात तेच पाठ होतं. ‘वेअर म्हणजे काय?’ हा प्रश्न काढून टाकायचा. त्याऐवजी सहा छोटे प्रश्न, पाच मिनिटं. दोन चित्रांचे : एक मुलगा बूट चढवतोय, दुसरा बूट घालून पळतोय, वेअरिंग कोण? दोन कृतीचे : बाई हुकूम देतील, करून दाखवा. दोन ‘चालेल की नाही’चे : ‘आय क्लोज द बॉक्स’, ‘आय क्लोज द फॅन’. लिहिता न येणारं मूलही यात सहापैकी सहा मिळवू शकतं, आणि नुसतं पाठ करणारं मूल दोन-तीनवर अडकतं. त्याला येतं काय आणि अडतं कुठे, ते गुणांवरून बाईंना कळतं.

आता तेच पान पुन्हा लिहिलं तर कसं दिसेल? बारा शब्द एका पानावर राहत नाहीत. पहिल्या दिवशी वॉश, क्लोज, लेग आणि राइस. वॉशसमोर ‘धू, घास’. खाली ‘दात असतील तर ब्रश’. क्लोजसमोर उघडं आणि मिटलेलं दप्तर, शेजारी दिव्यावर फुली. लेगसमोर काडीमाणूस, घोट्याशी एक आडवी रेघ, रेघेखाली ‘फूट’. राइससमोर तांदळाचं पोतं आणि भाताचं ताट, दोन्ही. दुसऱ्या दिवशी कट, प्ले, अंकल, आणि टोपी घेऊन वेअर. प्लेसमोर ‘खेळ’ आणि ‘वाजव’, म्हणजे तबला खेळायची वेळ कुणावर येत नाही. तिसऱ्या दिवशी बिग एकटा, ताईच्या दोन चित्रांसह. सी आणि लुक पुढच्या आठवड्यात, हियर आणि लिसन त्यानंतर, कारण जोड्या लगोलग आल्या की घोटाळा ठरलेला. ऑनला वहीत एक ओळ मिळते. डावीकडे शब्द, मधली रेघ, आणि उजवीकडे मराठी अर्थाच्या जागी तीन लहान चित्रं : टेबलाला टेकलेलं पुस्तक, भिंतीला टेकलेलं घड्याळ, आणि पंख्याच्या खाली बसलेला मुलगा, त्याच्यावर फुली.